अर्धा कागद आपला

प्रिय धाकटे,

फोन सोडून ताई पत्र कशाला लिहितेय, असं वाटेल तुला. वाटू दे. फोनवर तू स्पीकर लावून बोलतेस आणि तुझा माणूस शेजारी बसून खाकरतो, ते मला इथे ऐकू येतं. म्हणून हे तुझ्या बेकरीच्या पत्त्यावर धाडलंय. तिथेच वाच, घरी नेऊ नकोस. माझं अक्षर चौथीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे, सांभाळून घे.

तुझी पोर बरी आहे. खाते, अभ्यास करते, वेणी मात्र मला घालू देत नाही. माझं लाँड्रीचं काम चाललंय. मालकाने आता इस्त्रीच्या खोलीत कॅमेरा बसवलाय, आम्ही हॉस्टेलच्या चादरी पळवू म्हणून. त्या विरलेल्या चादरी पळवून मी काय तंबू ठोकू? पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस असाच वागतो. मी तरी काय वेगळी वागले.

तुझी लेक माझ्याकडे शाळेला आल्यापासून एक गोष्ट मला खटकत होती. सकाळी चहा ठेवायला जावं तर स्वयंपाकघरातलं स्टूल जागेवर नाही. तिच्या खोलीत. रोज. मला वाटलं, कपाटावर काहीतरी लपवते, मोबाइल नाहीतर कुणाच्या चिठ्ठ्या. ती शाळेत गेल्यावर मी चढून बघितलं. धुळीशिवाय काही नव्हतं. विचारलं तर म्हणे, कपडे ठेवायला लागतं. खुंटी काय शोभेला ठोकलीय का, असं मी म्हटलं तर कान खाजवायला लागली. खोटं बोलताना तूही असाच कान खाजवायचीस.

मग तिच्या चित्रकलेच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. मुलांची चित्रं भिंतीवर लावलीत, बघायला या, असा निरोप. मी म्हटलं, चित्रं बघायला पालकांना कोण बोलावतं? वर्गणी मागणार असतील. कामावरून तशीच गेले, अंगाला वाफेचा वास घेऊन.

त्या बाईंची शिकवायची तऱ्हा ऐक. वर्गात एक गोष्ट वाचली. एक मुलगा सुट्टीत मामाकडे जातो आणि पावसात वाट चुकतो, एवढीच. पण तीत म्हणे अलंकार आहेत. मला अलंकार म्हणजे गळ्यातले ठाऊक. बाईंनी समजावलं, एका गोष्टीला दुसरीसारखी म्हणायचं. प्रत्येक मुलाने त्यातलं एक वाक्य निवडायचं, कागद मधोमध दुमडायचा. डाव्या अर्ध्यावर त्या वाक्याचं जसंच्या तसं चित्र काढायचं आणि उजव्या अर्ध्यावर त्याच्यासारखं आपण स्वतः पाहिलेलं काहीतरी. अर्धा कागद गोष्टीचा, अर्धा आपला. एकाने पोटात कावळे ओरडतात ते काढलं होतं, खरंच बरगड्यांत चार कावळे, आणि उजवीकडे त्याचा बाप जेवणाच्या ताटावर तुटून पडलेला. मला हसू आलं. एकीने डोंगराएवढं दप्तर आणि उजवीकडे आईच्या कडेवरचं गुटगुटीत भावंड. तरी मनात म्हटलं, ही बाई हुशार आहे, पोरांकडून घरातलं काढून घेते.

आपल्या पोरीचं वाक्य होतं, अंधार पाहुण्यासारखा दाराशी उभा होता. डावीकडे तिने तो अंधार असा झकास काढलाय, काळाकुट्ट, हातात पिशवी, चपला नीट काढून बाजूला ठेवलेल्या. उजवीकडे नुसतं एक दार. आतून पाहिलेलं, बंद. दाराला स्टूल टेकवलेलं. कडीच्या जागी कडी नाही. चार स्क्रूंची चार भोकं, टोकदार पेन्सिलीने काढलेली, आणि त्यांच्याभोवती आधी कडीखाली झाकलेला जुन्या रंगाचा चौकोन. माणूस कुणीच नाही.

मी बघत असताना बाई माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच विचारतात, घरी कोण कोण असतं तुमच्याकडे? पुरुष माणूस? मी म्हटलं, माझा नवरा जाऊन जमाना झाला, आता असलीच तर झुरळं. त्या हसल्या नाहीत. मुलीला वेगळी खोली आहे का, दार लागतं का. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही बाई माझ्या घरावर संशय घेतेय. माझ्या! अशी तळपायाची आग मस्तकात गेली की मी त्यांचा हातच धरला. म्हटलं, चला, आत्ता चला, माझी कडी बघा.

आल्या बिचाऱ्या. पोर अभ्यासाला बसली होती, ती उठून उभी राहिली. बाईंनी तिच्या खोलीचं दार आतून लावलं, कडी सरकवली, पुन्हा काढली. चांगली पितळी कडी आहे, तेल घातलेली. बाई दार उघडून बाहेर आल्या, म्हणाल्या, माफ करा. मी चांगलं सुनावणार होते. पण माझं लक्ष पोरीकडे गेलं. ती कुणी न सांगता म्हणाली, ते दार तिकडचं आहे. एवढंच. आणि तुझं घर सोडून ती आणखी कुठल्या घरात राहिलीय, सांग.

धाकटे, माझ्याकडे इतकी धडधाकट कडी असूनसुद्धा पोर रोज दाराला स्टूल लावून झोपते. हे मला तेव्हा कळलं.

मी कुणावर आळ घेत नाही. डोळ्यांनी बघितलं नाही ते मी बोलत नाही. पोरीलाही खोदून विचारलं नाही, बाई म्हणाल्या की तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. पण चार स्क्रू एकदम आपोआप गळून पडत नाहीत. कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं होतं. तूच काढली असशील, पोर सारखी दार लावून बसते म्हणून, तर तसं सांग. मी तुला चार शिव्या देईन आणि गप्प बसेन. तू नसशील काढली, तर कुणी काढली हे तू त्या दारातून रोज जाता-येता कधी विचारलंस का? घरात दुसरं माणूस आहेच कोण?

सुट्टी लागली, रविवारी तो तिला न्यायला येतोय, असा तुझा निरोप आला. मी तो पोरीला सांगितला. ती पेन्सिलीला टोक काढत होती. हो म्हणाली आणि टोक काढतच राहिली, पेन्सिल बोटभर उरेपर्यंत. त्या निरोपाचं हे उत्तर. पोर येणार नाही. तो आला तर मी उंबऱ्याशी उभी राहीन, आणि मी उभी राहिले की बाजूला सरत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. न्यायचं असेल तर तू ये. एकटी ये, दोन कपडे जास्त घेऊन ये. आलीस की मी आधी जेवायला वाढीन. इतके दिवस काय करत होतीस, असं मी विचारणार नाही. ते तू तुझ्या पोरीला सांग.

तुझीच, आणि तू येईपर्यंत तिची,
ताई