निरोप पोचला नाही

२४ नोव्हें., सोमवार
वंदना आजपासून शिकायला येते. शेजारची सून, नंदुरबारकडची. कुरिअरच्या ऑफिसात फोनवर बसायचं काम मिळतंय, पण थोडं इंग्रजी हवं. "सर, फी कितली?" म्हटलं, येताना चहा घेऊन ये. पालिकेच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, समोर पन्नास पोरं असायची. आता एकच विद्यार्थिनी. निवृत्त माणसाने नखरे करू नयेत.
तिच्या गाइडात पहिलंच क्रियापद अराइव्ह. अर्थ दिलाय 'आगमन करणे'. आगमन पुढारी करतात, माणसं पोचतात. पेनने खोडून तसं लिहून दिलं.
तासभर घरात दुसरा आवाज होता. बरं वाटलं.

२६ नोव्हें., बुध.
रीच आणि अराइव्ह. रीचला ठिकाण सरळ जोडायचं. अराइव्ह म्हटलं की मध्ये ॲट नाहीतर इन. जागा लहान असेल तर ॲट, मोठी असेल तर इन. वं. विचारते, "मंग कोसाड लहान का मोठं?" तिची बहीण राहते तिकडे, म्हणून सहज विचारलं. माझी सुजूही तिकडेच. म्हटलं, बोलणारा जेवढं मानेल तेवढं. आपली एकुलती एक मुलगी तिथे चार वर्षं राहते आणि मी एकदाही गेलो नाही. इथून, उधन्याहून, सिटी बसने तास-सव्वा तास, एवढंच.
सुजूची आई, कुसुम, जाऊन पौषात वर्ष होईल. संध्याकाळी शिट्टी होईना म्हणून कुकरशी मोठ्याने भांडलो. नंतर लक्षात आलं, वं. गेल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

२८ नोव्हें., शुक्र.
जिग्नेश आला. सुजूचा नवरा, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात बसतो. पळून जाऊन लग्न केल्यापासून त्याने या घरात पाय ठेवला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "पप्पा, सुजूने समजावो ने. बा कसम खाय छे, फोन आव्यो ज नथी."
बा म्हणजे त्याची आई; फोन आलाच नाही अशी शपथ घेते, सुजूला समजवा म्हणतो. कुसुम गेल्याचा निरोप बाने घेतला आणि दाबून ठेवला, असं सुजूने धरून ठेवलंय. एका घरात राहून वर्षभर सासूशी शब्द नाही. आता म्हणते, वेगळं बिऱ्हाड कर, नाहीतर मी चालले.
मी म्हणालो, "पाहतो."
पाया पडून गेला. चहासुद्धा विचारला नाही त्याला.

२९ नोव्हें., शनि.
लिहून टाकतो, वही कुणाला सांगत नाही.
फोन आला नाही, कारण मी केलाच नव्हता. राग होता. आम्हाला न सांगता गेलीस ना, मग आईचं आजारपण कळायचा तुला हक्क नाही, असा राग. आठव्या दिवशी तिला बाहेरून कळलं. धावत आली, दारातच उभी राहिली. "आबा, मला सांगितलं का नाही?" घर नातेवाइकांनी भरलेलं, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. तोंडातून निघालं, "तुझ्या घरी केला होता फोन. निरोप पोचला नसेल."
किती सोयीचं वाक्य. पाठवणारा मोकळा, सगळा दोष वाटेला. आणि त्या घरचा फोन उचलते बा.
कुसुमचं आणखी एक आहे. ते आज लिहवत नाही.

१ डिसें., सोम.
फोनवर बोलायचा सराव. मी गिऱ्हाईक, वं. ऑफिस. "सॉरी सर, युवर पार्सल हॅज नॉट अराइव्हड." दहा वेळा घोकून घेतलं. जीभ चांगली वळते तिची. मग मध्येच थांबून म्हणाली, "सर, आनि पार्सल धाडेलच नसी तं काय सांगानं?"
"तर हे वाक्य वापरायचं नाही."
"काबरं?"
"खोटं होतं."
"गिऱ्हाईकले काय समजस!" म्हणून खळखळून हसली.
डोकं दुखतंय सांगून तिला लवकर घरी पाठवलं. डोकं दुखत नव्हतं. लाज वाटत होती.

३ डिसें., बुध.
कोसाडला जायला निघालो. स्टॉपवर दोन बसेस सोडल्या, डझनभर केळी घेतली आणि परत आलो. चौतीस वर्षं पोरांना 'खरं बोल' म्हणून दटावणारा मी. केळी वं.च्या घरी दिली.

५ डिसें., शुक्र.
वं.ला नोकरी लागली, सोमवारपासून रुजू. पेढा घेऊन आली, पाया पडली. आनंद झाला. आता कुणी यायचं नाही हेही लगेच मनात आलं. माणूस किती आपमतलबी.

७ डिसें., रवि.
जाऊन आलो.
बाने दार उघडलं, पाणी दिलं. जिग्नेश घरी होता. सुजू आतून आली. वाळलीय. बसायच्या आधीच बोललो, नाहीतर धीर गेला असता. "बाचा काही दोष नाही. मी फोन केलाच नव्हता." मग बाकडे वळून तेच तोडक्यामोडक्या गुजरातीत. बाने पदराचं टोक तोंडात धरलं आणि खाली बसली.
सुजू भिंतीला टेकून उभी. म्हणाली, "आई विचारायची का माझ्याबद्दल?"
इथे खोटं खपून गेलं असतं. तिला बरंही वाटलं असतं कदाचित. पण खरं सांगितलं. शेवटचे दोन दिवस एकच विचारत होती, सुजू आली का. मी म्हणायचो, निघालीय, पोचेल आता. ती दाराकडे तोंड करून पडून राहायची.
सुजू आत गेली. आतून कडी. जिग्नेशने दोनदा हाक मारली. तासभर बसून निघालो. जिन्यात होतो तेव्हा वरून बाचा आवाज आला, "वेवाई, पहोंचीने फोन करजो." पोचल्यावर फोन करा म्हणते, जिच्या माथी वर्षभर माझं पाप होतं ती बाई.
घरी आलो. सुजूचा नंबर माझ्याकडे नाही, बाचा आहे. गेल्या पौषात लावायचा होता तोच. चपला न काढताच लावला. कुणीतरी उचलला, बोललं मात्र नाही. बा असती तर बोलली असती.
म्हणालो, "सुजू, पोचलो."
तिकडून फोन ठेवल्याचा आवाज नाही. मीही ठेवला नाही.