प्रश्न सातवा, उत्तर चौसष्ट

सोमवार, ५ फेब्रुवारी. दुपारी ४

शाळेच्या इतिहासात प्रथमच एखाद्या टायपिस्टकडे चौकशी सोपवण्यात आली आहे. (इतिहास तपासलेला नाही. उद्या तपासणे.)

प्रकरण असं. शनिवारी सहावी 'क'ची गणिताची चाचणी झाली. वीस प्रश्न, चाळीस मुलं. सातव्या प्रश्नाचं खरं उत्तर सेहेचाळीस झाडं. वीस मुलांनी लिहिलं, चौसष्ट. ज्यांना पाचाचा पाढा येत नाही, त्यांचीही बाकीची बरीच उत्तरं धडाधड बरोबर. मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, तू बारकाईने काम करतोस, हे तूच बघ. आठवडाभर दुसरं काही करू नकोस. टायपिंग नको, आणि झेरॉक्सच्या खोलीकडे तर फिरकूसुद्धा नकोस.

केवढा विश्वास!

माझी तात्पुरती नेमणूक पुढच्या सोमवारी संपते. कायम करायचं की नाही, ते मोठ्या बाई ठरवणार. म्हणजे गुन्हेगार सापडला की मी कायम. बारावी राहिली म्हणून माणूस काही राहत नाही.

चौसष्ट हा आकडा ओळखीचा वाटला. मग आठवलं. शिक्षकांसाठी नमुना उत्तरपत्रिका मीच टाइप केली होती. पहिल्या खेपेत सातव्याचे आकडे उलटे पडले. ते माझ्याच लक्षात आलं. वीसच्या वीस प्रती बाद केल्या, नव्या काढल्या. या इमारतीत असा काटेकोर माणूस दुसरा नाही.

नोंद : योगायोग.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

इतिहास तपासायला वेळ झाला नाही. फाइलवर नाव घालण्यात सकाळ गेली. 'गोपनीय' तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा अक्षरं समान आली.

जबाब घेतले. एकूण नऊ. सगळ्यांचं एकच, आम्ही स्वतः सोडवलं. एकाला विचारलं, चौसष्ट कसे आले? म्हणाला, मनातून आले, दादा. सातने भागायला दिलं तर म्हणाला, आता मन लागत नाहीये.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र गुणी. म्हणाली, दादा, पुढच्या परीक्षेलाही कच्च्या कामाचे कागद तुम्हीच द्या ना. सगळा वर्ग हो हो करून ओरडला. डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. ती कल्पना माझीच. बाद झालेल्या प्रती मधोमध कापायच्या, कोऱ्या बाजूला 'कच्चे काम' असा शिक्का मारायचा, गठ्ठे करायचे. वरचे अर्धे एका गठ्ठ्यात, खालचे अर्धे दुसऱ्यात. कागद वाया जात नाही. मोठ्यांनी कधी कौतुक केलं नाही. मुलांना कळतं.

मुलं मला 'पूर्णविराम' म्हणतात. आदरानेच असणार.

बुधवार, ७ फेब्रुवारी. ११.१५

गणिताच्या बाईंची चौकशी. परीक्षेला वर्गावर त्याच होत्या. संशय दाट.

विचारलं, उत्तरं तुम्ही फोडलीत का? त्यांनी वह्या तपासता तपासता वर न बघता सांगितलं, अरे बाळा, मी फोडली असती तर बरोबर उत्तर फोडलं असतं. मला वजाबाकी येते.

लिहून घेतलं. वाक्यात उद्धटपणा आहे, पण मुद्दाही आहे. मग म्हणाल्या, तुला झेपत नसेल तर सोड हो, लोक उगाच हसतात. विचारलं, कोण हसतं? म्हणाल्या, मी.

बाई निर्दोष असण्याची शक्यता : चाळीस टक्के.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

मोठा शोध! उत्तरपत्रिकांचा तक्ता केला, दोन रंगांत. हजेरी क्रमांक एक ते वीस : पहिले दहा प्रश्न सगळे बरोबर (सातवा सोडून), पुढचे दहा दिव्य. एकवीस ते चाळीस : पहिले दहा दिव्य, पुढचे दहा सगळे बरोबर.

अर्थ उघड आहे. वर्गात दोन टोळ्या आहेत.

टोळ्यांची कामाची पद्धत शोधायला कच्च्या कामाचे चाळीसही कागद जप्त केले. कुणीही कच्चं काम केलेलं नाही. एकाने हत्ती काढला आहे. भिंगातून सगळे कोरे कागद पाहिले. अदृश्य शाई असावी. लिंबाचा वास येतो का पाहिलं. येत नाही. पित्त मात्र वाढलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी. ३.४०

शिपाईमामा चहा घेऊन आले. मी कागद उन्हाला धरून बघत होतो. मामांनी विचारलं, मागे काय आहे रे? मी म्हणालो, मामा, मागची बाजू बाद आहे. शिक्का पुढे आहे. मामा म्हणाले, बघ तरी.

बघितलं.

टायपिंग सुरेख आहे. समास सारखे. सातव्यापुढे चौसष्ट.

मामा म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा. चहा निवतोय, पी. आणि गेले.

४.२०. अजून चहा प्यायलो नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

अहवालाचा पहिला खर्डा : 'अज्ञात इसमाने'. खोडलं. मी अज्ञात नाही.

दुसरा खर्डा : 'कागदटंचाईमुळे उद्भवलेली परिस्थिती'. वाचायला बरं वाटतं.

तिसऱ्यात सगळा दोष कागद कापायच्या यंत्रावर टाकला. यंत्राला कायम व्हायचं नाहीये. पण यंत्राला शिक्का मारता येत नाही, आणि शिक्का माझ्याच खणात आहे.

मुलांचे फेरजबाब घ्यायला सहावी 'क'वर गेलो. दार बंद. सगळी मुलं माना खाली घालून लिहीत होती. चौकशीचा धाक बसलाय.

रविवार, ११ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. घरी सगळं सांगितलं. ताई म्हणाली, गप्प बस, उद्या ऑर्डर हातात पडू दे, मग वाटलं तर हरिश्चंद्र हो. आई म्हणाली, अगं, हा गप्प बसेल, पण याचं पोट गप्प बसेल का? शाळेत होता तेव्हा न फोडलेल्या काचेचीसुद्धा कबुली देऊन आला होता. सांगून टाक रे बाबा, आम्हाला झोपू दे.

ठरलं. कबुली द्यायची. अशा प्रामाणिकपणापुढे कुठलाही अधिकारी विरघळतो. मोठ्या बाई उभ्या राहतील, कदाचित हात पुढे करतील. कायम तर करतीलच, वर परीक्षा विभागही देतील. अहवाल अकरा पानी, तक्त्यांसह. अनुक्रमणिका जोडली.

सोमवार, १२ फेब्रुवारी. सायंकाळी ५

साडेदहाला गेलो. अहवाल ठेवला. म्हणालो, बाई, गुन्हेगार तुमच्यासमोर उभा आहे.

बाई म्हणाल्या, हो, माहीत आहे. बस.

चाचणी झाली त्याच दिवशी पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेली होती. गणिताच्या बाईंना माहीत होतं. मामांना माहीत होतं.

विचारलं, मग चौकशी कशासाठी? म्हणाल्या, अरे, फेरचाचणीचे पेपर छापायचे होते. तोवर तुला कुठेतरी गुंतवायला हवं होतं ना! परवा झालीसुद्धा चाचणी. एकदम सुरळीत. सगळे नापास.

अकरा पानांतलं पहिलं पान त्यांनी वाचलं. अक्षर छान आहे म्हणाल्या.

मग नेमणुकीचं. कायम नाही. सहा महिने मुदतवाढ. पत्र तूच टाइप कर म्हणाल्या, तुझ्याइतकं शुद्ध इथे कुणी लिहीत नाही. केलं. आठ ओळी, एकही चूक नाही. बाईंनी सही केली.

दोन प्रती हव्या होत्या, एक फाइलला आणि एक मला. मी पत्र घेऊन उठलो. बाई म्हणाल्या, तू बस.

प्रती शिपाईमामांनी काढल्या.