यंदाची नायिका

कोल्हार,
२ डिसेंबर १९७३

प्रिय गोजर,

शनिवारी श्रीरामपूरला जाऊन तो जुना विनोदी सिनेमा तिसऱ्यांदा पाहून आलो. आण्णांना जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि गोरक्ष थेटरात, असं भावकी म्हणेल, म्हणू दे. नायक पंचेचाळिशीचा, तरी वह्या छातीशी धरून कॉलेजात जातो, आणि त्याची आई त्याच्याहून लहान दिसते. पण नोकराचं काम करणारा तो काडीपैलवान! आपण विनोद करतोय याचा त्याला पत्ताच नाही, म्हणून तर हसून पोट दुखतं. दुसरा एक नट वाक्य टाकून टाळीची वाट बघत थांबतो, त्याच्यावर मात्र जांभई येते. माणसं नीट निवडली की निम्मा सिनेमा तिथंच झाला, हे माझं ठाम मत आहे.

आपल्या यात्रेच्या नाटकाची रड तीच. बाप जिवंत असताना कुणी मिशी काढत नाही, त्यामुळे आपल्याकडे नायिका अभिनय बघून नाही, बाप वारलेला बघून निवडतात. सहा वर्षं आपला तो श्रीमंत नायिकेचं लुगडं नेसतोय. हात नांगर धरणारे आणि आवाज मोट हाकणारा. यंदा दहाव्याला माझी मिशी उतरली आणि तेराव्याचं जेवण होताच मंडळी ओसरीवर येऊन म्हणाली, आता गोरक्षच. त्या दुःखातही मला हसू फुटलं. नाटकातली नवी नवरी अख्ख्या सासरला वेड्यात काढते, आणि मला धड पदर सावरता येत नाही.

मी सांगून टाकलं, बाईचं काम बाईच करील आणि ती माझी बहीण असेल. गावची लेक स्टेजवर चढवायची का, म्हणून मंडळाचे भिमाजीनाना तापले. तमाशाला पुढं बसता ते चालतं का, असं मी विचारलं. शेवटी म्हणालो, "गोजर असंल तर नाटक हाय. न्हाईतर नाटकाची वही माझ्या पेटीतच राहील." चार दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. पाचव्या दिवशी नाना स्वतः येऊन म्हणाले, "आन तिला."

तू म्हणशील, दादाला आत्ता बरा कंठ फुटला. आठवीत असताना आण्णांनी तुला शाळेच्या नाटकातून हाताला धरून घरी आणलं, तेव्हा मी दारात उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याची मला लाज वाटते. शेवटच्या आठवड्यात पाणी पाजताना आण्णा मला म्हणाले, "गोजरीचं नाटक म्या बंद केलं, ते चुकलंच. पोरगी लई हसवायची." तेराव्याला तुला हे सांगणार होतो, पण तुझं रडणं बघून धीर झाला नाही. म्हणून लिहितोय. जावयांना वेगळं पत्र टाकलंय, सासूबाईंना मी समोर बसून विचारीन. रविवारी सकाळच्या एसटीनं शेवगावला येतो. नेल्याशिवाय परतणार नाही, तेव्हा पिशवी भरून ठेव.

तुझाच,
गोरक्षदादा