नाव शेवटी येईल, तोवर बसून राहावे

मी, प्रज्ञा मोतीलाल बिऱ्हाडे, वय ६८, निवृत्त प्राध्यापिका, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. स्वप्नील यांनी दिला आहे; त्यासाठी त्यांना माझं बरंच ऐकून घ्यावं लागलं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणणारं माणूस खान्देशात अजून जन्मायचं आहे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे मी आज, जिवंतपणी, जमलेल्या सर्वांसमोर स्वतः वाचणार आहे. का, ते कलम चारमध्ये येईल. उगाच पुढची पानं चाळू नयेत.

कलम १. माझा लॅपटॉप, सगळी ध्वनिमुद्रणं आणि अर्धवट राहिलेलं संशोधन माझी विद्यार्थिनी स्नेहल हिला द्यावं. जन्मभर मी एकाच गोष्टीच्या मागे लागले: लांब वाक्य समजून घेताना माणसाचं डोकं कुठे अडतं? इंग्रजीत माणूस आधी येतो, त्याचं वर्णन मागून. कोरियन भाषेत आधी सगळं वर्णन, माणूस शेवटी. आपणही तसं बोलतोच: काल बाजारात भेटलेली, मुलाच्या लग्नाचं सांगणारी बाई. ती बाई येईपर्यंत ऐकणाऱ्याने सगळं डोक्यात धरून ठेवायचं. माझ्या प्रयोगात कोरियातली मुलं पडद्यावर एकेक शब्द वाचत, बटण दाबत, मुकाट्याने शेवटपर्यंत जायची. तोच प्रयोग मी वरणगावात लावला. दोन शब्द दिसले न दिसले, तोच मागे ताटकळत असलेल्यांनी मिळून वाक्य पुरं केलं. आपल्याकडे दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं ही मदत समजतात, त्याला मी तरी काय करणार? स्नेहलने पुढचा प्रयोग एकेकाला खोलीत कोंडून करावा.

कलम २. वरण-बट्टीचं मोठं पातेलं शेजारीण झुंबरबाई यांना. त्याच प्रयोगाला बसल्या तेव्हा 'चोराला पकडणारा पोलीस' हे त्यांनी झटक्यात वाचलं. 'चोराने पकडलेला पोलीस' म्हटल्यावर अडकल्या. कोरियातली मुलंही असल्याच वाक्यांवर रेंगाळत. पण ती निदान बटण दाबून पुढे जात. झुंबरबाई बटण सोडून मलाच त्या पोलिसाचं ठाणं विचारत बसल्या, "कोणता ठाणाना शे तो?" ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात. साक्ष हवी की पातेलं, असं विचारल्यावर बाईंनी क्षणाचाही विचार केला नाही.

कलम ३. 'खान्देशात बसून कोरियन कशाला?' असं भर बैठकीत विचारणारे आमचे माजी विभागप्रमुख यांना माझा प्रबंध. पूर्वी दिलेली प्रत त्यांनी उघडली नव्हती, हे मला ठाऊक आहे. बँकेत जे उरेल ते वस्तीतल्या वाचनालयाला.

कलम ४. राहतं घर. इथे सर्वांनी नीट ऐकावं. आई, म्हणजे रुक्माबाई, गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी चार शब्द बोलायला उभी राहिले. "आईच्या आजारपणात एकदाही न आलेला..." एवढं बोलून मी श्वास घेतला, तेवढ्यात माझा धाकटा भाऊ बुद्धभूषण उठला आणि त्याने थेट आपलं पिंपळनेर गाठलं. तो जीप चालवतो. प्रवाशाचा एक पाय बाहेर असतानाच गाडी काढायची, ही त्याची जुनी खोड. त्यानंतर त्याने माझा फोन घेतला नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त आठवण आली. आज मृत्युपत्राचं कळवलं म्हणून आला असेल आणि दाराजवळची खुर्ची धरून बसला असेल.

तेव्हा अट अशी. तेच वाक्य मी आज पुरं करते. ते संपण्याआधी कोणीही उठलं, तर घरसुद्धा वाचनालयाला जाईल.

आईच्या आजारपणात एकदाही न आलेला, तिला तशा अवस्थेत बघण्याची छाती नसलेला, पण रोज फोनवर नकला करून तिला हसवणारा, हसता हसता चार घास खायला लावणारा, शुद्ध हरपेपर्यंत तिने माझ्याही आधी हाक मारलेला, मी आजवर ज्याची वाट पाहिली तो माझा भाऊ बुद्धभूषण मोतीलाल बिऱ्हाडे, याला हे घर मी देत आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून दाखवलं आणि खाली सही केली.

प्रज्ञा मोतीलाल बिऱ्हाडे
जळगाव, ११ ऑगस्ट २०२४

साक्षीदार:
१. डॉ. स्वप्नील महाजन
२. अ‍ॅड. अभिमन तायडे

साक्षीदार क्र. २ यांची नोंद: वाचन संपेपर्यंत कोणीही उठलं नाही. बुद्धभूषण 'न आलेला' या शब्दांवर अर्धे उठले होते. झुंबरबाईंनी शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. मदत कायदेशीर आहे का, यावर मी मत देणार नाही. नाव आल्यावर त्यांनी खुर्ची दारापासून पुढे ओढली. मग कारण विचारलं, "अक्का, हाई पहिलेच काब्र नही सांगं?"

अक्का म्हणाल्या, "तू थांबनाच नही."