बहात्तरच्या वर बाद

४ डिसेंबर, गुरुवार

— अन् वरून मलेच म्हणतो, “बाई, आधी काठी खाली ठेवा!” जशी मी कोणाच्या डोक्यात घालाले आणली! अकरा वर्षं त्या गोल्फच्या मैदानाचं गवत मी काढलं. जूनमधी मशीन आली अन् आम्हा सहा बायांले घरी बसवलं, तेव्हा या सेक्रेटरीच्या तोंडून शब्द निघाला नाही. आता त्याच गवतावर मी खेळाले उभी राह्यली तर धावत आला.

मी विचारलं, खाणीतल्या पक्क्या नोकराची बायको क्लबची मेंबर असते का नाही? माझा भीमसिंग वीस वर्षं डंपर चालवून राह्यला. म्हणे, असते. मंग? मंग म्हणे, मेंबर असणं वेगळं अन् मैदानात उतरणं वेगळं. नव्या माणसानं पूर्ण नऊ होल खेळायचे. फटके बहात्तरच्या वर गेले की बाद. सोबत खेळणाऱ्यानं आपले फटके मोजायचे, आपण त्याचे. मंग दोघांच्या सह्या. अशी तीन कार्डं ३१ जानेवारीपर्यंत दिली तर मैदान खुलं, नाही तर पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी कोणी पाह्यलं! यंदाच आणीन.

७ डिसेंबर, रविवार

नुसतं मोजून पाह्यलं. ९६!! तीन फटके तर हवेतच गेले. तेही मोजले.

धावजी मैदानाले पाणी देतो. आमच्याच तांड्याचा, नात्यानं दीर लागतो. साहेब लोकांचं पाहून पाहून त्याले सगळं कळते. म्हणे, “भाभी, चेंडू कुठं जाते ते पाहू नका. चेंडूले पाहा.” मी म्हटलं, कुठं गेला ते पाहाचंच नाही तर मारायचा कायले? म्हणे, “मारल्यावर पाहा ना! तुमचं पाहणं आधी अन् मारणं मंग.” खरं आहे मेल्याचं. मले धीरच नाही.

१२ डिसेंबर

क्वार्टरच्या मागं बारदाना टांगला अन् त्याच्यावर मारून राह्यली होती. शेजारच्या विमलताई भिंतीवरून डोकावल्या. “काय वो रामीबाई, साप निघाला का?” मी म्हटलं, निघाला, तुमच्याकडं धाडते. भीमसिंग आतून हासला. त्याले म्हटलं, तू वीस वर्षं मेंबर, क्लबात एकदा तरी पाय ठेवला का?

मंग विमलताई खरंच विचाराले लागल्या — काहून खेळता वो या वयात? मले सांगता आलं नाही. इथं लिहिते. दहात एखादा फटका असा बसतो की हाताले काहीच लागत नाही. आयुष्यात इतकी कामं केली. कापूस वेचला, दगड उचलले, गवत काढलं. सगळ्याचं हाताले काही ना काही लागलंच. हे एकच काम असं सापडलं, नीट झालं तर लागत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

८४. मान खाली ठेवली तर येते!

२८ डिसेंबर, रविवार

७२! बरोब्बर! सोबत हिशोब ऑफिसातले म्हातारे साहेब होते. सही करताना म्हणाले, “बाई, शेवटचा चेंडू होलात पडेस्तोवर मीच श्वास रोखला होता.” पह्यलं कार्ड झालं. घरी येऊन रंजिताले — माझी सून — दोनदा वाचाले लावलं.

२९ डिसेंबर

कंबर धरली. शेक घेतला.

११ जानेवारी, रविवार

७०. दुसरं कार्ड. सोबत तेच म्हातारे साहेब. त्यांचे फटके मी मोजले, त्रेसष्ट. सही कराले मले वेळ लागतो. चौथीपर्यंतच शिकली, हात चालत नाही हे एक. पण आकडेही पुन्हा पाहते. सही म्हणजे मी तिथं होती अन् हे असंच झालं, असं म्हणणं. बाकी काय असते सहीत?

१८ जानेवारी, रविवार

७५. बाद. पोळ्या करपल्या.

२५ जानेवारी, रविवार

आज शेवटचा रविवार. माझी जोडी प्रेरणा मॅडमसोबत लावली. खाणीच्या मॅनेजर साहेबांची बायको. तिचंही तिसरंच कार्ड. पुढच्या महिन्यात नागपूरले बायांचे सामने आहेत, तिले तिथं जायचं आहे, अन् कार्डाबिगर घेत नाहीत.

मॅडम वाईट नाही. मले पाण्याची बाटली दिली. “रामीबाई, तुमचा हात किती सरळ जातो हो!” म्हणाली. सहा होल मजेत गेले.

सातव्याले तिचा चेंडू बाभळीत घुसला. आत जाऊन चार वेळा मारला तेव्हा निघाला. मी तिथंच उभी. होल पुरा झाला, मी नऊ लिहिले. तर म्हणते, “नऊ नाही, सहा. आतले पहिले तीन मी नुसते मारून बघत होते, ते धरायचे नसतात.”

मी म्हटलं, मॅडम, बघायचे होते तर एक तरी धरा. तुम्ही तर एकही धरला नाही.

हासली. शेवटी कार्ड मागून घेतलं, मी लिहिलेले नऊ खोडले अन् सहा केले! सहा धरले तर तिचे ७२ होतात. नऊ धरले तर ७५. माझे ७१ झाले. एकाहत्तर! अन् त्याचा आनंदही धड घेता आला नाही. मी तिच्या कार्डावर सही केली नाही, मंग तिनंही माझ्यावर केली नाही. दोन्ही कार्डं सेक्रेटरीच्या टेबलावर तशीच पडून आहेत. त्याले विचारलं, काय करता? म्हणे, “बघू.”

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं. जिलेबी घेताना मॅडम जवळ आली, हळूच म्हणाली, “तुम्ही माझ्यावर करा, मी तुमच्यावर करते. दोघींचं काम होईल. तुमचं तर खरंच चांगलं झालंय.” मी म्हटलं, माझं झालंच आहे, तुमच्या सहीनं होणार नाही. तोंड फिरवून गेली.

भीमसिंग घरी आल्यावर फटाके फुटल्यासारखा फुटला. “तीन फटक्यांसाठी मॅनेजरच्या बायकोसंग भांडण? माझी ड्युटी त्याच्या हाती हाये! उद्या मले लांबच्या खदानीवर टाकलं मंग?” तो खोटं बोलत नव्हता. म्हणे, “तुले धड लिहिता येत नाही म्हणूनच तुझ्यासोबत जोडी लावली तिनं. लावतील तिथं अंगठा देशील, असं वाटलं तिले.”

तेच मले लागलं. भाजी ढवळत राह्यली. भीमसिंगले म्हटलं, लांबच्या खदानीवर टाकलं तर डबा दोन वेळचा देईन. पण नऊच होते.

२७ जानेवारी, मंगळवार

रंजिताले म्हटलं, नियमाचं पुस्तक काढ, मॅडमले कागदावर दाखवते. धावजीनं क्लबातून आणून दिलं. दुपारभर ती वाचून सांगत बसली. बाभळीतले चारही फटके धरावेच लागतात. सापडलं! लय बरं वाटलं.

ती पुढं वाचतच होती. “याडी,” — आमच्यात आईले याडी म्हणतात, सूनही मले तेच म्हणते — “हे ऐक. चेंडूजवळचं जितं गवत उपटून आपली जागा सोपी केली तर दोन फटके दंड.”

मी म्हटलं, पुन्हा वाच.

तिनं वाचलं.

चौथ्या होलवर माझ्या चेंडूच्या मागंच गाजरगवताचं रोप होतं. मी उपटलं. मुळासकट. माती झटकून बाजूले फेकलं. विचार केलाच नाही, हात आपोआप गेला. मॅडम तेव्हा फोनवर होती. कोणीच पाह्यलं नाही.

७१ अन् दोन.

रंजितानं माझ्याकडं पाह्यलं. पोरगी हुशार आहे, तिले समजलं. म्हणे, “याडी, तुले कुठं माहीत होता नियम?” मी म्हटलं, मॅडमलेही नसन माहीत. जेवली नाही.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळीच क्लबात गेली. माझ्या कार्डावर चौथ्या होलच्या सातचे नऊ केले, एकूण त्र्याहत्तर. माझ्या हातानं बाद. सेक्रेटरी म्हणे, “कोणी पाह्यलं नव्हतं तर सांगता कायले?” मॅडमच्या कार्डावर सातव्याले नऊ लिहिले अन् आता कुठं सही केली. त्यानं दोन्ही कार्डं ड्रावरमधी टाकली. “बघू.” मंग रंजिताच्या हातानं लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला, त्याच्याकडून पोच घेतली. त्यात दोनच गोष्टी — मॅडमचे सहा का नऊ? अन् मले तिसऱ्या कार्डासाठी ३१ च्या पुढं एक दिवस देता का नाही? बघू चालणार नाही. शनिवारी, ३१ तारखेले, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर पाह्यजे.