पुन्हा पहिल्यापासून

रत्नागिरी, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६

आज पुन्हा तेच केलं मी. दादा मासेमारीच्या लाँचवर खलाशी म्हणून जायला लागल्यापासून मला संध्याकाळच्या प्रार्थनेचाच धसका बसलाय. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून बायबल वाचणं आणि प्रार्थना चालवणं माझ्याकडे. मध्येच लक्ष ढळलं की वाटतं, ही प्रार्थना देवापर्यंत पोचली नाही, आता दादाचं काही झालं तर? मग पुन्हा पहिल्यापासून.

आज तिसऱ्यांदा सुरू केली, तेव्हा आई डोळे मिटूनच म्हणाली, "भात निवला गो. देव काय बहिरा हाय?"

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बाय, दादाचा जीव देवाच्या हातात हाय. तुझ्या जिभेवर नाय टांगलेला."

मला रागच आला. आणि मग वाटलं, इतके दिवस मी विश्वास ठेवत होते तो कशावर? देवावर, की माझ्या न चुकण्यावर?

पुन्हा प्रार्थनेला लागले. दादाचं नाव घेतलं आणि मन नेमकं त्या निवलेल्या भाताकडे गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावंसं वाटलं. पण थांबले नाही. तशीच पुढे गेले, आमेन म्हटलं, आणि जेवायला बसले.

लाँच अजून बंदराला लागलेली नाही. भीती आहेच. जेवल्यापासून कितीदा हात जोडावेसे वाटले, पण ते मघाची चूक दुरुस्त करायलाच होतं, म्हणून जोडले नाहीत. आता जोडते. नुसतं देवाशी बोलायला.