बुबुळातला भाऊ

मंगळवार, दिवेलागण

सुटलो बुवा! लोणखेड्याच्या जिजाबाईंच्या वारलेल्या नवऱ्याचा चेहरा मी त्यांच्या घरच्याच शेकडो बारीक फोटो कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी बसवून जुळवला. फ्रेम झाल्यावर पाहतो तर डाव्या बुबुळात नवऱ्याचाच काळ्या कोटातला धाकटा भाऊ! बांधाच्या भांडणापासून अबोला धरलेला. कुठला फोटो कुठे बसवायचा ते ठरवताना कॉम्प्युटर रंग पाहतो, भांडण कुठे पाहतो? पण मी तरी का नाही पाहिलं?

आज बाई काचेला नाक लावून नेमक्या त्याच बुबुळापाशी थांबल्या. मुलगा तडकला, "माय, काका आठे कसा? काढाले लावू?"

बाई पुटपुटल्या, पण माझे कान तिखट. "ऱ्हाऊ दे. मरतावखत तुन्हा बाप त्यालेच इचारी ऱ्हायंता."

मग माझ्याकडे वळून म्हणतात, "भाऊ, मन्हा पोऱ्यापेक्षा तुन्हा कंप्युटर शाना शे!"

चुकीचं श्रेय खिशात घातलं. फ्रेम बांधून दिली, बुबुळासकट.